गॅसची भट्टी केलीय, पण पाटा पिवळा होत नाही आणि सिलिंडरला बर्फ धरतो

ऐरोली_ऐरण :

नमस्कार मंडळी. इथलं बरंच वाचलंय, विचारतोय पहिल्यांदाच. रबाळे एमआयडीसीत माझ्या मामाचा गाळा आहे, त्याच्या मागे दहा बाय बाराची जागा रिकामी पडलेली ती त्याने मला वापरायला दिली. आठवडाभर महाप्याला टूलरूममध्ये नोकरी आणि रविवारी इथे लोखंड ठोकायचं, असं दोन वर्षं चाललंय. आधी कोळशावर करायचो, ट्रकच्या जुन्या ब्रेक ड्रमची भट्टी आणि हाताने फिरवायचा पंखा, पण शेजारच्या गाळ्यात पुठ्ठ्याच्या खोक्यांचं काम आहे, त्यांच्या मालावर काजळी बसायला लागली, त्यांनी चांगल्या शब्दांत सांगितलं आणि मलाही पटलं, म्हणून गॅसवर आलो.

भट्टी अशी आहे. कळंबोलीच्या लोखंड बाजारातून १० इंची पाइपचा तुकडा आणला, ३५० मिमी लांब, बाहेरून २७३ मिमी, जाडी ६ मिमी. आतून १ इंच जाडीच्या सिरॅमिक वुलचा (उष्णता अडवणारी कापसासारखी गादी) एक थर फिरवला, तळाला अर्ध्या जाडीची भट्टीची वीट. पुढचं तोंड पूर्ण उघडं, मागे वीट उभी करतो. बर्नर एकच, वरून उभा सोडलाय, पाऊण इंची जीआय (जस्त चढवलेला) पाइप, वरच्या टोकाला दीड इंच ते पाऊण इंच रिड्युसर आणि त्याच्या मध्यावर मिग वेल्डिंगची १ मिमीची टिप जेट म्हणून, म्हणजे गॅस सोडणारं बारीक भोक. ५ किलोचा सिलिंडर, हाय प्रेशर रेग्युलेटर, त्याला गेज.

पेटते छान. पहिली वीस मिनिटं मन खूश होतं. पण टेम्पोच्या स्प्रिंगचा पाटा आत टाकला की नारंगी होतो आणि तिथेच थांबतो, पिवळा काही होत नाही. मला दोन पट्ट्या एकावर एक ठेवून टाकणखार (बोरॅक्स) टाकून ठोकून जोडायच्या आहेत, त्या रंगावर ते शक्यच नाही. मग प्रेशर वाढवतो, आता दीड बारपर्यंत गेलोय. अर्ध्या-पाऊण तासाने सिलिंडरला खालच्या अर्ध्या भागात पांढरा बर्फ धरतो, बोटाने रेघ ओढता येते इतका, गेजचा काटा आपोआप खाली येतो आणि मग बर्नर फट्ट फट्ट करायला लागतो. एकदा तर जाळ पाइपात वर चढला आणि पाइप लाल झाला, धावत जाऊन कॉक बंद केला. सिलिंडर अडीच-तीन तासांत संपतो. वुलचे तंतू सुटायला लागलेत ते वेगळंच.

माझा विचार असा की अजून एक बर्नर बसवावा. पण आधीच गॅस एवढा जातोय तर दोन बर्नर परवडणार कसे? घणसोलीच्या दोन-तीन ओळखीच्या घरांतून कोयत्यांची मागणी आहे, त्यांना हो म्हणून बसलोय, म्हणून जरा घाईत आहे. पावसामुळे शटर अर्ध्यावर ठेवून काम करावं लागतंय, गरम प्रचंड होतं, स्टँड फॅन लावतो तरी दोन तासांनी डोकं जड होतं. ते उकाड्याचं असेल. बाकी भट्टीचं काय करू ते सांगा.

खारघर_सुरी :

दादा, भट्टीचं नंतर बघू, आधी डोकं जड होतं ते बघ. ते उकाड्याचं नाही. शटर अर्ध्यावर, मागची जागा बंद, आणि दीड बारवर गॅस, म्हणजे तुझ्या भट्टीच्या तोंडातून लांब निळी-केशरी जीभ बाहेर येत असणार. ती जीभ म्हणजे आत हवा पुरली नाही म्हणून बाहेर येऊन जळणारा गॅस. अशा जाळातून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला वास नाही, रंग नाही, डोळेही चुरचुरत नाहीत. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून जास्त पटीने चिकटतो, त्यामुळे हवेत थोडा असला तरी दोन तासांत साठत जातो.

हे मी अंगावरून गेलेलं सांगतेय. माझ्या पहिल्या पावसाळ्यात मीही हेच केलं होतं, गॅरेजचं दार पावसाचं म्हणून लोटून घेतलेलं. डोकं ठणकायला लागलं, मग मळमळ, स्टुलावर बसले आणि उठायला पायच ऐकेनात. हातात सांडशी होती ती मी खाली कधी टाकली ते आठवत नाही. बाबा चहा घेऊन आले म्हणून त्यांनी मला ओढून बाहेर नेलं. उघड्या हवेत दीड तास बसून होते तरी संध्याकाळपर्यंत डोकं ठिकाणावर नव्हतं, खरं तर तेव्हाच डॉक्टरकडे जायला हवं होतं.

म्हणून कृपा करून शटर पूर्ण वर आणि समोरच्या बाजूला दुसरं काहीतरी उघडं, खिडकी, एग्झॉस्ट, जे असेल ते, हे झाल्याशिवाय पेटवू नकोस. पाऊस आत आला तर भट्टी चाकाच्या स्टँडवर घे आणि छपराखाली पुढे आण. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म ऑनलाइन मिळतो, बॅटरीवरचा, तो डोक्याच्या उंचीला लाव. एलपीजी लीकचा अलार्म वेगळा असतो, दोन्हींत गल्लत करू नकोस, एलपीजी हवेपेक्षा जड असल्याने तो अलार्म जमिनीजवळ लागतो.

आणि तो स्टँड फॅन बर्नरच्या तोंडावर मारत असेल तर जाळ फडफडणारच. तो तुझ्या पाठीमागून, भट्टीला न लागेल असा ठेव. अजून एक, बर्नर वरून उभा आहे आणि पुढच्या तोंडातून निघणारी गरम हवा सरळ वर जाते, ती जळून गेलेली हवा बर्नर परत आत ओढतो. पुढच्या तोंडावर पत्र्याची तिरकी टोपी लाव म्हणजे ती बाजूला वळेल. माझ्या भट्टीचा जाळ या एका पत्र्याने सुधारला होता.

सुटलेल्या वुलबद्दल : एन ९५ मास्क लाव, रुमाल चालत नाही. ते तंतू इतके बारीक असतात की थेट फुफ्फुसात जातात, आणि बरेच दिवस हजार अंशांच्या वर तापलेलं वुल ठिसूळ होऊन त्यात क्रिस्टोबलाइट तयार होतं, ते सिलिकाचंच एक रूप, अजून वाईट. जुनं वुल काढताना आधी पाण्याने भिजव, मग काढ, पिशवीत बांध. उघडं वुल ठेवून भट्टी चालवायचीच नाही.

वागळे_फॅब :

ताईंनी सांगितलं ते पहिलं. ते झालं असं धरून पुढचं सांगतो. मी वागळे इस्टेटला फॅब्रिकेशन करतो, घरची अशी भट्टी आहे, दोन वेळा पाडून बांधली.

भाऊ, तू चार तक्रारी लिहिल्यास पण दुखणं एकच आहे. हिशोब कर. २७३ मधून दोन्हीकडची ६ मिमी भिंत गेली, राहिले २६१. २५ मिमीचा एक थर, दोन्ही बाजूंचे मिळून ५० गेले, राहिले २११. २११ व्यास आणि ३५० लांबी म्हणजे आत साधारण १२ लिटर पोकळी. पाऊण इंची एका बर्नरला ठोकळमानाने साडेपाच-पावणेसहा लिटर पोकळी झेपते. तू त्याच्याकडून दुप्पट खोली तापवून घेतोयस, तीही एका इंचाच्या भिंतीत. बाहेरच्या पाइपावर पाणी शिंपडून बघ, चर्रकन उडत असेल. तो सगळा तुझा गॅस आहे. मग पिवळा येत नाही म्हणून तू प्रेशर वाढवतोस, प्रेशर वाढवलं की ५ किलोचा सिलिंडर गारठतो, गारठला की त्याचं स्वतःचं प्रेशर पडतं, प्रेशर पडलं की जेटमधून येणाऱ्या गॅसचा वेग कमी होतो, आणि मिश्रणाचा वेग जाळाच्या वेगापेक्षा कमी झाला की जाळ मागे पाइपात शिरतो. तेच तुझं फट्ट फट्ट. दुसरा बर्नर लावलास तर हे सगळं दुप्पट जोरात होईल. नको लावू.

आता त्याच पाइपात वुलचे दोन थर घाल, ५० मिमी, आणि वर १२ मिमी कास्टेबल, म्हणजे उष्णता सोसणारं सिमेंटसारखं मिश्रण. २६१ मधून १०० गेले, २४ गेले, राहिले १३७. १३७ बाय ३५० म्हणजे ५ लिटरच्या थोडं वर. तुझ्या एका बर्नरचं माप बसलं. कोयता काय, विळीचं पातं काय, १३७ च्या भोकातून सगळं जातं. पुढचं तोंड विटांनी अर्धं झाक, पण पूर्ण कोंडू नकोस, आपला बर्नर स्वतः हवा ओढणारा आहे, धूर बाहेर पडायला वाट नसेल तर तो हवा ओढतच नाही, गुदमरतो. मागे पट्टी आरपार जाईल एवढी फट ठेव.

जेटबद्दल. मिगच्या टिपवर १ लिहिलंय म्हणजे त्यातून १ मिमीची तार जाते. तार सरकायला हवी म्हणून भोक त्याहून मोठं असतं, मोजून बघ. पाऊण इंची बर्नरला भोक ०.९ च्या आसपास लागतं, म्हणून ०.८ वाली टिप घे. हा फरक कागदावर कमी वाटतो पण भोकाच्या क्षेत्रफळाने बघ, साधारण दीडपट गॅस चाललाय आणि हवा तेवढीच आहे. तुझी लांब जीभ तिथूनच येतेय. टिप पाइपाच्या बरोब्बर मध्यरेषेत हवी. खात्री करायची तर बर्नर भट्टीतून काढ, टिपमधून पाणी सोड, धार पाइपाच्या दुसऱ्या टोकातून भिंतीला न लागता मधोमध पडली पाहिजे. माझी पहिल्यांदा दोन मिमीने सरकलेली होती आणि जाळ एका बाजूला लोळायचा, महिनाभर मला कळत नव्हतं का.

जीआय पाइप काढून टाक. जस्त ९०७ अंशांला उकळतं, आणि तुझा पाइप एकदा लाल झालाय म्हणतोस. तो पांढरा धूर छातीत गेला की रात्री थंडी वाजून ताप येतो, आमच्याकडे गॅल्व्हनाइज्ड पाइप वेल्ड करणाऱ्या पोरांना नेहमी होतं. काळा एमएस (साध्या लोखंडाचा, जस्त नसलेला) पाइप घे, आणि भट्टीत शिरणाऱ्या टोकाला स्टेनलेसचा थोडा पसरट तुकडा किंवा कास्टेबलमध्येच तसा आकार कर.

सिलिंडर : ५ किलो पुरणार नाही. द्रव गॅसची वाफ व्हायला उष्णता लागते, ती तो स्वतःच्या अंगातून आणि पत्र्यातून घेतो, म्हणून बर्फ धरतो. त्यात आपल्या एलपीजीत प्रोपेन आणि ब्युटेन दोन्ही असतात. प्रोपेन उणे ४२ ला उकळतो, ब्युटेन उणे अर्ध्या अंशाला. आधी प्रोपेन जास्त निघून जातो, शेवटी शेवटी उरतो तो ब्युटेन, आणि सिलिंडर बर्फाएवढा गार झाला की ब्युटेन हलतच नाही. गेजचा काटा म्हणूनच पडतो. १९ किलोचा कमर्शियल घे, आत द्रव जास्त, पत्रा जास्त, तेवढ्याच गॅसला फारसा गारठत नाही. फार झालं तर कोमट पाण्याच्या घमेल्यात ठेव, हाताला सोसेल एवढंच कोमट. जाळ दाखवू नकोस, उकळतं पाणी ओतू नकोस. घरातला लाल १४.२ किलोचा या कामाला वापरणं कायद्याने बंद आहे, त्या वाटेला जाऊच नको.

शेवटचं, गाळ्यात जमिनीत पाण्याची नाली असेल ना? सिलिंडर तिच्यापासून लांब ठेव. गॅस गळला तर जमिनीवर पसरत नालीत जाऊन बसतो आणि वर कुणाला वास येत नाही. प्रत्येक जोडाला साबणाचा फेस लावून बघायचं, दर रविवारी, पेटवायच्या आधी. गळती थांबत नसेल तर १९०६ या गॅस गळतीच्या नंबरवर फोन कर.

कळवा_मशीनशॉप :

मी वेगळं सांगीन. ब्लोअर लावा. हवा ओढायच्या भानगडीपेक्षा हवा ढकलायची, म्हणजे तोंड झाकलं तरी गुदमरत नाही, गॅस कमी प्रेशरवर चालतो, आणि जाळ कमीजास्त करायला हवेचा कॉक आणि गॅसचा कॉक दोन वेगळे मिळतात. आमच्याकडे ब्लोअरवर वेल्डिंगचा रंग पंधरा मिनिटांत येतो.

वागळे_फॅब :

ब्लोअर चांगलाच, नाही म्हणत नाही. पण लाइट गेली की ब्लोअर थांबतो आणि गॅस चालूच राहतो. लाइट गेल्यावर आपोआप बंद होणारा सोलेनॉइड व्हॉल्व्ह गॅस लाइनवर पाहिजेच. तो नसेल तर मी कुणाला ब्लोअर सुचवणार नाही, एमआयडीसीत शुक्रवारी लाइट कशी जाते ते सगळ्यांना माहीत आहे. आधी भिंत जाड करून बघू दे, त्याला बहुतेक लागणारच नाही.

भट्टीकाका_ठाणे :

मी हीट ट्रीटमेंटच्या कारखान्यात भट्ट्या दुरुस्त करण्यात नोकरी काढली, आता निवृत्त. वुल आणि कास्टेबलबद्दल लिहितो, कारण बर्नर सगळे सांगतात आणि अस्तराकडे कोणी बघत नाही.

वुल घेताना १२६० ग्रेड, घनता १२८ ची घ्या. १२६० हा आकडा अंशांतली वरची हद्द आहे, रोज तिथे चालवायचा आकडा नाही, म्हणूनच वर कास्टेबलचं कवच लागतं. टाकणखार तुम्ही वापरणार म्हणताय. वितळलेला टाकणखार उघड्या वुलवर पडला तर गरम चहात खारी विरावी तसं वुल बसतं, एका दिवसात तळाला खड्डा. हाय अॅल्युमिना कास्टेबल बराच टिकाव धरतं. तळाला जरा जाड थर द्या, वरून वीट सुटी ठेवा म्हणजे खराब झाली की बदलता येते.

दोन थर घातल्यावर वुल आधी कडक करून घ्यायचं. फाउंड्रीचं सामान विकणाऱ्यांकडे कोलॉइडल सिलिका मिळते, दुधासारखी पातळ असते. फवाऱ्याच्या बाटलीत भरा, त्यात खायचा रंग चार थेंब टाका म्हणजे कुठे लागलं कुठे नाही दिसतं. सगळीकडे मारून वाळू द्या. वुल खडूसारखं कडक होतं, तंतू उडत नाहीत, आणि कास्टेबल थापताना दबत नाही.

कास्टेबलमध्ये पाणी किती, यावर सगळं आहे. पिशवीवर लिहिलेलं असतं त्याच्या वर जाऊ नका. कालवल्यावर मुठीएवढा गोळा करा, एक फूटभर वर उडवून तळहातावर झेला. फुटला तर कोरडं आहे, बोटांतून खाली लोळला तर पाणी जास्त झालं. आकार धरून थोडा बसका झाला की बरोबर. माझ्या हाताखाली आलेल्या प्रत्येक पोराला मी पहिला धडा हा द्यायचो. आणि आपल्याकडे पावसाळ्यात उघडी पिशवी घेऊ नका, ती हवेतलं पाणी पिऊन आधीच अर्धी मेलेली असते, हाताला खडे लागले तर परत करा.

थापल्यावर पहिले २४ तास ओलं गोणपाट झाकून ठेवायचं. लोक उलट करतात, लगेच वाळवायला जातात. त्याला घट्ट व्हायला पाणी लागतं. त्यानंतर वाळवणं. या दिवसांत हवेतच ओल आहे, म्हणून आत साधा पिवळा १०० वॉटचा बल्ब लावून दोन दिवस ठेवा. मग अगदी बारीक जाळ, दहा मिनिटं चालू, अर्धा तास बंद, असं दिवसभर. तोंडाशी स्टीलची ताटली धरून बघा, दव धरलं तर पाणी अजून पोटात आहे. घाई केलीत तर आतल्या पाण्याची वाफ होते आणि ढलपे तोफेसारखे उडतात, मी ते डोळ्यांनी पाहिलंय, माणूस समोर नव्हता हे नशीब. पावसाळ्यात आठवडाभर भट्टी पेटवली नसेल तरी पहिली दहा मिनिटं बारीकच ठेवायची, अस्तर ओल धरतं.

सगळं झाल्यावर आतून झिर्कॉनचा पातळ हात द्या, फाउंड्रीत साच्यांना लावतात तोच. झिर्कॉनने टाकणखाराला आणखी एक आड होते.

ऐरोली_ऐरण :

काय बोलू कळत नाहीये. ताई, तुमचं वाचल्यावर काल गेलोच नाही, मामाला सगळं सांगितलं, तो म्हणाला मागच्या भिंतीला वर झरोका आहे तो पत्रा ठोकून बंद केलेला, तो उघडून देतो. अलार्म मागवलाय.

वागळे दादा, टिप मोजली. पिन गेज (भोक मोजायच्या सळ्या) टूलरूममधून आणले, १ ची टिप आणि भोक १.१५. ०.८ ची ०.९५ निघाली. पाण्याची धारही करून बघितली, माझी डावीकडे जात होती, रिड्युसरमधलं ड्रिल तिरकं गेलंय. ते लेथवर परत करतो.

काका, एकच शंका, कास्टेबल मागच्या तोंडालाही थापायचं की विटा चालतील?

भट्टीकाका_ठाणे :

मागे हलक्या इन्सुलेशनच्या विटा चालतील, टाकणखार तिथपर्यंत जात नाही. फक्त त्या सांध्यात वुलची पट्टी दाबून बसवा, आणि तिच्या उघड्या कडेवर कोलॉइडल सिलिकाचा हात द्या.

मुरबाड_भाता :

आमचं घर लोहारकीचं, आजोबा चामड्याच्या भात्यावर करायचे, मी आता गॅस आणि कोळसा दोन्ही वापरतो. भट्टीचं सगळं वर आलंय, मी लोखंडाचं सांगतो, कारण पाटा पिवळा झाला की पुढची चूक तिथेच होते.

कोळशात पट्टी जाळाच्या पोटात असते, गॅसमध्ये ती चहूबाजूंनी सारखी चमकते, त्यामुळे डोळ्याला वाटतं झाली. झालेली नसते, वरून पिवळी आणि मध्ये नारंगी असते. भट्टीची भिंत आणि पट्टी एकाच रंगाची दिसायला लागली, पट्टीची कड भिंतीत हरवली, की त्यानंतर अजून दोन-तीन मिनिटं थांबायचं. कोळशात जास्त झालं तर ठिणग्या उडून सांगतात, गॅसमध्ये तसं सांगणारं कोणी नाही, म्हणून टाकणखाराकडे बघायचं. आधी तो लाहीसारखा फुगतो, मग काचेसारखा पातळ होऊन पट्टीवरून वाहतो, मग तुपासारखा थरथरतो. थरथरला की बाहेर. ऐरणीवर पहिले घाव हलके, नुसते चिकटवण्यापुरते, एका टोकाकडून दुसरीकडे म्हणजे टाकणखार आणि मळ बाहेर ढकलला जाईल. पहिल्याच घावाला जोर लावलास तर पट्ट्या सरकतात. पट्ट्यांच्या आतल्या बाजू आधी ग्राइंडरने पांढऱ्या करून घे, काळं राहिलं तर कितीही तापव, धरत नाही.

आणि कोयत्याला पाणी द्यायचं, म्हणजे तापवून बुडवून कडक करायचं, तर पाट्याला खरंच पाण्यात बुडवू नकोस, तेलात दे, थोडं कोमट केलेल्या तेलात. पाण्यात टिण्णकन आवाज येतो आणि चीर पडते, तो आवाज एकदा ऐकलास की विसरणार नाहीस. चुंबक चिकटायचं थांबतं ते ७७० अंशांच्या आसपास, त्याहून एक छटा वर ने आणि मग बुडव.

ऐरोली_ऐरण :

तीन रविवार गेले, आज लिहितोय.

पहिला रविवार जुनं वुल भिजवून काढण्यात आणि दोन थर बसवण्यात गेला. हिरवा रंग टाकून सिलिका मारली, कोपऱ्यात दोन जागा कोऱ्या राहिलेल्या त्या रंगामुळेच दिसल्या. दुसऱ्या रविवारी कास्टेबल. गोळा उडवून झेलला, पहिला फुटला, चमचाभर पाणी वाढवलं, दुसरा बसला. गोणपाट, बल्ब, सगळं काका म्हणाले तसं. ताटलीवर दव तिसऱ्या वेळेपर्यंत धरत होतं, मला वाटलेलं दोन दिवसांत कोरडं झालं असेल, आत एवढं पाणी असेल असं खरंच वाटलं नव्हतं.

आज पूर्ण पेटवली. शटर वर, झरोका उघडा, अलार्म डोक्यापाशी, शून्य. १९ किलोचा सिलिंडर, ०.८ ची टिप, काळा पाइप. ०.६ बारवर ठेवली. पंचवीस मिनिटांत आतल्या भिंती नारंगीच्या पुढे गेल्या, मग लिंबासारख्या पिवळ्या. जीभ बाहेर चार बोटं, त्याहून जास्त नाही. फट्ट एकदाही नाही. बाहेरच्या पाइपाला पाणी शिंपडलं तर सावकाश वाळतं, उडत नाही. सिलिंडर वजनकाट्यावर ठेवूनच चालवला, अडीच तासांत सव्वादोन किलो गेले, गार लागतो पण बर्फ नाही. आणि डोकं हलकं आहे, घरी आल्यावर आईने विचारलं आज लवकर आलास का, उलट उशीर झाला होता.

पाट्याच्या दोन पट्ट्या जोडल्या. कड भिंतीत हरवली तेव्हा मी बाहेर काढणारच होतो, मग मुरबाडच्या दादांचं आठवलं आणि थांबलो. टाकणखार तुपासारखा हलला. पहिल्या हलक्या घावालाच आवाज बदलला, आधी दोन पत्र्यांचा येतो तसा खळखळ होता तो एकदम भरीव झाला. गार झाल्यावर कापून बघितलं, एका टोकाला दोन सेंटिमीटरवर बारीक काळी रेघ आहे, बाकी सगळी लांबी एक. त्या टोकाला ग्राइंडर नीट फिरवलं नव्हतं.

आता एकच अडचण. बंद केल्यावर बर्नरचा पाइप वरपर्यंत तापतो, टिपच्या जोडापर्यंत. चालू असताना गार असतो. हे का?

वागळे_फॅब :

वा भाऊ, फोटो टाक त्या कापलेल्या तुकड्याचा.

बंद केल्यावर आतली गरम हवा त्या उभ्या पाइपातून धुरांड्यासारखी वर चढते. चालू असताना येणारा गॅस आणि हवाच पाइप गार ठेवत असते. आधी सिलिंडरचा कॉक बंद कर, लाइनमधला गॅस जळून जाऊ दे, मग भट्टीचा कॉक, आणि लगेच बर्नरच्या वरच्या तोंडावर पत्र्याची चकती ठेवून हवा अडव. पुढेमागे बर्नर बाजूने तिरका आत घे, जाळ भिंतीला धरून गोल फिरेल आणि ही चकतीची कटकटही बरीचशी जाईल.